यंत्रातील ‘पेक्षा’: मायक्रोकंट्रोलरमध्ये द्विमान संख्यांची तुलना

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त सभासदांसमोर दिलेले व्याख्यान)



दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे आणि उर्दू साहित्याचा ८९१.४३९. फडताळात आधी कोणते यावे? ग्रंथालयात काम केलेला मनुष्य क्षणाचाही विलंब न लावता उर्दूची पुस्तके आधी ठेवील. कारण तो टिंबानंतरचे अंक डावीकडून एकेक वाचतो, चारला चार जुळला, मग तीन आणि सहा यांची गाठ पडली की निकाल लागतो. नवशिका मदतनीस मात्र ‘एकोणचाळीस आणि चारशे म्हणजे चारशे एकोणचाळीस, आणि हे तर नुसते सेहेचाळीस’ असा हिशेब करून मराठीला आधी बसवितो. दोघांच्या डोळ्यांपुढे अंक तेच आहेत. भेद आहे तो वाचण्याच्या रीतीत. आजच्या व्याख्यानाचा विषय वरकरणी आपल्या ग्रंथालयापासून फार दूरचा वाटेल; पण त्याच्या मुळाशी असलेली अडचण या फडताळातल्या अडचणीची सख्खी बहीण आहे, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

विषय आहे मायक्रोकंट्रोलर नावाच्या लहानशा यंत्रबुद्धीत दोन संख्यांची तुलना कशी होते हा. मराठीच्या अध्यापकाने या वाटेला जावे याचे कारण असे की, पदविका अभ्यासक्रमाचे काही विद्यार्थी या विषयावर मराठीत टिपणे तयार करीत होते आणि भाषा तपासण्यासाठी ती माझ्याकडे आली. त्यांत ‘तुलना’ या प्रकरणापाशी येऊन मी थबकलो. तेथील अडचण शुद्धलेखनाची नव्हती, अर्थाची होती. आणि अर्थाची अडचण आली की ती भाषेच्या माणसाच्या अंगणात येते, असे मी समजतो.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपेवर मांडलेला संपूर्ण संगणकसंसार. गणित करणारा भाग, थोडी स्मृती, वेळ मोजणारे घड्याळ आणि बाहेरच्या तारांशी बोलण्याची दारे, सारे एकत्र. धुलाईयंत्र, विजेचा मीटर, मायक्रोवेव्ह, लिफ्ट यांच्या पोटात तो असतो. इंटेल कंपनीने १९८० साली बाजारात आणलेला ८०५१ हा या घराण्यातील मूळ पुरुषांपैकी एक. त्याच्या अंगी चार किलोबाइटची कायम स्मृती आणि कामापुरती फक्त १२८ बाइटांची तात्पुरती स्मृती होती. आपल्या ग्रंथालयाच्या एका तालिकापत्रावर जेवढा मजकूर मावतो, जवळजवळ तेवढीच ही पाटी! तरीही भारतातील अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत कित्येक पिढ्या याच चिपेवर शिकल्या, आणि इतर अनेक कंपन्या त्याच आज्ञासंचाची चिप आजही बनवितात. म्हणून उदाहरणासाठी मी प्रामुख्याने तोच घेतो.

या यंत्राशी बोलण्याची सर्वांत जवळची भाषा म्हणजे असेंब्ली. तिच्यात वाक्ये नसतात, आज्ञा असतात. एका आज्ञेत एकच लहान कृती. ‘हे तेथून उचल’, ‘यात ते मिळव’, ‘अमुक झाले असेल तर तमुक ओळीवर जा’. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर या भाषेला आज्ञार्थाखेरीज दुसरा अर्थ ठाऊकच नाही.

संख्या या यंत्रात आठ बिटांच्या घरात राहते. प्रत्येक बिट शून्य किंवा एक. उजवीकडून डावीकडे त्यांची वजने १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८. सर्व बिटे शून्य असली तर शून्य, सर्व एक असली तर २५५. आता अशा दोन संख्यांपैकी मोठी कोणती, हे यंत्र कसे ठरविते? तुम्हांला वाटेल की तेथे एखादा तराजू असेल. तो नसतो. यंत्र वजाबाकी करते. पहिलीतून दुसरी वजा करते, आणि आलेले उत्तर बहुधा सरळ टाकून देते. त्याला उत्तराशी कर्तव्य नसते. वजाबाकी करताना काय काय घडले याच्या खुणांशी असते. उत्तर शून्य आले काय? सर्वांत डाव्या घराला बाहेरून हातचा मागावा लागला काय? या खुणा एकेका बिटात नोंदविल्या जातात. त्यांना फ्लॅग, म्हणजे निशाणे, म्हणतात. तुलनेचा निकाल म्हणजे हीच निशाणे, त्याहून अधिक काही नाही.

‘हातचा’ हा आपला शाळेतला शब्द येथे किती चपखल बसतो पाहा. बेरजेत आपल्याला हातचा येतो, वजाबाकीत आपण हातचा घेतो. दोन्ही ठिकाणी शब्द एकच. यंत्रातही बेरजेचा हातचा आणि वजाबाकीचा हातचा ठेवण्यासाठी एकच निशाण असते. त्याचे नाव कॅरी. तीनातून पाच वजा करायला सांगितले, तर पुरेसे नसल्यामुळे बाहेरून २५६ चा हातचा घ्यावा लागतो, उत्तराच्या जागी २५४ उरतात, आणि कॅरीचे निशाण वर होते. ते वर झाले याचा अर्थ पहिली संख्या लहान होती. खाली राहिले तर ती लहान नव्हती. म्हणजे मोठी तरी होती किंवा समान तरी.

८०५१ मध्ये निव्वळ तुलनेची आज्ञा नाही. जी आहे तिचे नाव सीजेएनई: ‘तुलना कर, आणि समान नसतील तर अमुक ओळीवर उडी मार.’ ही आज्ञा दोन्ही संख्या जशाच्या तशा ठेवते आणि जाता जाता कॅरीचे निशाणही लावून जाते. म्हणून जाणते लोक उडीचे ठिकाण अगदी पुढचीच ओळ देतात. समान असो वा नसो, यंत्र तेथेच पोहोचते. पण निशाण हाती लागलेले असते. मग ‘जेसी’ ही आज्ञा द्यायची, म्हणजे कॅरी असेल तर उडी. बारा मेगाहर्ट्झच्या घड्याळावर मूळच्या ८०५१ ला सीजेएनईसाठी दोन मायक्रोसेकंद लागतात. एका सेकंदात पाच लाख वेळा ‘लहान की नाही’ विचारणारा विद्यार्थी कोणत्या गुरुजींना परवडला असता?

दुसरी आज्ञा एसयूबीबी, म्हणजे हातच्यासह वजाबाकी. ८०५१ ला साधी वजाबाकी ठाऊक नाही. जी आहे ती आधीचा हातचा शिल्लक असेल तर तोही वजा करते. त्यामुळे वजाबाकीपूर्वी कॅरीचे निशाण हाताने खाली करावे लागते. ते न केल्यास मागच्या कुठल्या तरी हिशेबातला जुना हातचा नव्या हिशेबात शिरतो आणि उत्तर एकाने चुकते. दोन समान संख्यांपैकी पहिली लहान असल्याचा निर्वाळा यंत्र देते, आणि तोही नेहमी नव्हे, जुना हातचा असेल तेव्हाच. कधी घडते, कधी घडत नाही, असा दोष शोधणे किती जिकिरीचे, हे ज्यांनी हिशेबाच्या वह्या तपासल्या आहेत त्यांना सांगायला नको.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. सर्व चिपांमध्ये या निशाणाचा अर्थ एकच आहे असे समजू नये. मायक्रोचिप कंपनीच्या पिक घराण्यात आणि एआरएम घराण्यात तो नेमका उलटा आहे: तेथे वजाबाकीनंतर निशाण वर असेल तर हातचा घ्यावा लागला नाही असे समजायचे. याला कारण आहे. यंत्रातील वजाबाकी ही खरोखर बेरीजच असते. दुसऱ्या संख्येची सर्व बिटे उलटायची, त्यात एक मिळवायचा, आणि ते पहिल्या संख्येत घालायचे. पाचातून तीन वजा करताना या रीतीने बेरजेचा हातचा बाहेर पडतो. तीनातून पाच वजा करताना तो पडत नाही. पिक आणि एआरएम यांनी बेरजेचा तो हातचा जसा आला तसा दाखविला. इंटेलने तो उलटा करून, आपण शाळेत घेतो त्या हातच्याच्या अर्थाने दाखविला. दोन्ही पक्षांत तर्कदोष नाही. पण एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात गेलेल्या माणसाला होय म्हणजे नाही आणि नाही म्हणजे होय, असा संसार काही दिवस करावा लागतो.

आठ बिटांत २५५ च्या पुढे जाता येत नाही. म्हणून मोठी संख्या दोन घरांत ठेवतात, एकात वरचा बाइट आणि दुसऱ्यात खालचा. ५१३ म्हणजे वरच्या घरात २ आणि खालच्या घरात १, कारण दोनदा २५६ अधिक एक. ५१० म्हणजे वर १ आणि खाली २५४. यांची तुलना दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग आपल्या शब्दकोशाचा: डावीकडून आरंभ करा, वरचे बाइट वेगळे असतील तर तेथेच निकाल, सारखे असतील तरच खालच्यांकडे पाहा. ‘कमळ’ आधी की ‘कमान’ हे आपण असेच ठरवितो. दुसरा मार्ग वजाबाकीचा, आणि तो उजवीकडून निघतो. पहिली संख्या आर३ व आर२ या घरांत आणि दुसरी आर५ व आर४ या घरांत ठेवली, तर आज्ञा अशा होतील:

सीएलआर सी
एमओव्ही ए, आर२
एसयूबीबी ए, आर४
एमओव्ही ए, आर३
एसयूबीबी ए, आर५
जेसी लहान

पहिल्या ओळीने जुना हातचा पुसला. मग एकातून २५४ वजा केले. हातचा घ्यावा लागला, उरले तीन. मग वरच्या दोनातून एक आणि तो हातचा असे दोन गेले, शून्य उरले, नवा हातचा लागला नाही. म्हणून ५१३ लहान नाही. येथे एक खड्डा आहे. शेवटचे उत्तर शून्य दिसते आहे ना? तेवढ्यावरून ‘दोन्ही समान’ असे कोणी म्हणेल, आणि फसेल. शून्य फक्त वरच्या घरात आहे. खालच्या घरातले तीन विसरले गेले. एव्हीआर या चिपेच्या कर्त्यांनी हे ओळखून मोठी खुबी केली. तिच्यातील हातच्यासह तुलनेची आज्ञा शून्याचे निशाण स्वतः कधी उभारीत नाही; खालच्या घराने ते उभारलेले असेल आणि वरही शून्य आले तरच ते तसे राहू देते. मागचे न विसरता पुढचा निकाल देण्याचा हा गुण मला फार आवडला. ८०५१ मध्ये मात्र ही आठवण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतः ठेवायची.

संख्येचे जड टोक कोणत्या बाजूला धरायचे, या प्रश्नाला साहित्याचा विद्यार्थी दोन ठिकाणी ओळखतो. पहिले ठिकाण आपले छंदःशास्त्र. तीन अक्षरांचा प्रस्तार मांडला तर पहिल्या अक्षरी गुरु-लघु आलटून पालटून येतात आणि गणांचा क्रम म, य, र, स, त, ज, भ, न असा लागतो. एखादा गण या रांगेत कितवा, हे काढण्याच्या रीतीला ‘उद्दिष्ट’ म्हणतात. अक्षरांवर डावीकडून १, २, ४ हे अंक लिहायचे, लघूंवरील अंकांची बेरीज करायची आणि त्यात एक मिळवायचा. जगण म्हणजे लघु, गुरु, लघु. एक आणि चार मिळून पाच, अधिक एक, सहावा. येथे जड टोक उजवीकडे आहे, आपल्या अंकलेखनाच्या नेमके उलट. पिंगलाचार्यांनी संगणक शोधला असे म्हणण्याचा मोह काही वक्त्यांना होतो, तो मला होत नाही. त्यांना वृत्तांची गणना करायची होती आणि ती त्यांनी दोन चिन्हांनी चोख केली, एवढे श्रेय पुरेसे मोठे आहे. दुसरे ठिकाण इंग्रजी साहित्यातले. १७२६ साली प्रसिद्ध झालेल्या जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान, यावरून लिलिपुट आणि ब्लेफुस्कू ही राष्ट्रे लढतात. १९८० साली डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने एका लेखात तीच नावे उचलून बाइटांच्या क्रमाच्या भांडणाला लावली, आणि मोठ्या टोकाचे व लहान टोकाचे हे पंथ तेव्हापासून संगणकाच्या पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. उपरोधकाराचे शब्द यंत्रशास्त्राची परिभाषा होऊन बसावेत, हे स्विफ्टला बहुधा रुचले असते.

येथवर आपण संख्या शून्यापासून वरच मोजल्या. आता ऋण संख्येकडे येतो, आणि व्याख्यानाचा खरा गाभा हाच आहे.

आठ बिटांत वजा एक कसा लिहायचा? शून्यातून एक वजा केला की हातचा घेऊन उरतात २५५, म्हणजे आठही बिटे एक. तोच वजा एक, असे ठरविले आहे. वजा दोन म्हणजे २५४, आणि असेच मागे जात जात वजा १२८ म्हणजे १२८. डावीकडचे पहिले बिट एक असेल तर संख्या ऋण. ही व्यवस्था सोयीची आहे, कारण बेरीज-वजाबाकीचे यंत्र तेच चालते. पण एक किंमत मोजावी लागते. आठ एकांची ओळ समोर आली तर ती २५५ आहे की वजा एक? त्या ओळीत याचे उत्तर नाही. यंत्रालाही ते ठाऊक नाही. ते फक्त लिहिणाऱ्याच्या मनात असते.

याने काय बिघडते ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. लसी साठविण्याच्या शीतकपाटात तापमान २ ते ८ अंश सेल्सियस ठेवावे लागते. समजा, त्यावर ८०५१ नेमला आहे. तापमापकाकडून तो अंश वाचतो, आणि वाचलेला आकडा आठपेक्षा लहान नसेल तर शीतयंत्र चालू करतो. त्यासाठी सीजेएनई आणि कॅरी यांचा उपयोग केला आहे. बडोद्यासारख्या गावी हे कपाट उत्तम चालेल. चाचणीत तापमान तीस अंशांपासून पाचापर्यंत उतरेल, दोनांवर यंत्र बंद पडेल, आठांवर चालू होईल, आणि तपासनीस समाधानाने सही करील. आता हेच कपाट लेहच्या बाजूच्या एखाद्या आरोग्यकेंद्रात गेले. हिवाळ्याच्या रात्री खोलीचेच तापमान शून्याखाली उतरले आणि यंत्र बंद असतानाही कपाटाच्या आत वजा एक झाले. अनेक अंकीय तापमापक ऋण अंश आपण आताच पाहिलेल्या पद्धतीनेच देतात. यंत्राच्या हाती आठ एकांची ओळ आली. सीजेएनईला ऋण संख्या ही वस्तूच ठाऊक नाही. तिच्या दृष्टीने ते २५५. दोनशे पंचावन्न हे आठांपेक्षा लहान नाहीत. म्हणून शीतयंत्र चालू! आत जितके गोठत जाईल तितके आणखी गार करण्याची आज्ञा सुटत राहील. धनुर्वात, घटसर्प, हेपटायटिस बी यांच्या लसी गोठल्या की निकामी होतात. कुपी पुन्हा वितळल्यावर वरवर पाहणाराला फरक चटकन उमगत नाही. म्हणून आरोग्यसेवकांना कुपी हलवून गाळ कसा बसतो ते पाहण्याची परीक्षा शिकविलेली असते. ती कोणी केली नाही, तर मूल टोचून घेईल, रडेल, घरी जाईल आणि असुरक्षितच राहील.

या उदाहरणात यंत्र बिघडलेले नाही, तापमापक खोटे बोललेला नाही आणि एकही आज्ञा नियमबाह्य नाही. शून्यापासून १२७ पर्यंत दोन्ही वाचने तंतोतंत जुळतात, म्हणून दोष निद्रिस्त राहतो. शून्याची उंबरठ्यावरची एक पायरी उतरताच तो जागा होतो. लिहिणाराने वाचण्याची रीत ठरविली होती एक, आणि तुलनेची आज्ञा निवडली दुसऱ्या रीतीची.

मग ऋण-धन संख्यांची तुलना करायची कशी? भोळा उपाय असा सुचतो की वजाबाकी करावी आणि उत्तराचे डावे बिट पाहावे. ते एक असेल तर उत्तर ऋण, म्हणून पहिली संख्या लहान. पण शंभरातून वजा शंभर वजा करा. खरे उत्तर दोनशे. आठ बिटांच्या ऋण-धन घरात १२७ च्या वर जागाच नाही. दोनशेची बिटे तेथे वजा ५६ म्हणून वाचली जातात. म्हणजे शंभर हे वजा शंभरपेक्षा लहान ठरले! यासाठी चिपेत आणखी एक निशाण असते, ओव्हरफ्लो. त्याला आपण ‘उतू’ म्हणू. उत्तर घरात मावले नाही, त्याची धन-ऋण खूण विश्वासार्ह नाही, असे ते सांगते. म्हणून नियम असा: उतूचे निशाण खाली असेल तर डाव्या बिटावर विश्वास ठेवा, वर असेल तर त्याच्या उलट समजा. ८०५१ मध्ये उतू पाहून उडी मारणारी स्वतंत्र आज्ञा नाही. निशाणांच्या बाइटातले ते बिट वेगळे तपासावे लागते.

याहून सोपी अशी एक युक्ती आहे आणि ती मला फार देखणी वाटते. दोन्ही संख्यांचे डावे बिट उलटे करायचे आणि मग साधी तुलना करायची. वजा एकाचे होतात १२७, आठाचे होतात १३६. आणि १२७ हे १३६ पेक्षा लहान आहेतच. वजा १२८ होतो शून्य, शून्य होतो १२८, आणि १२७ होतो २५५. साऱ्या संख्या शिडीवर जशाच्या तशा क्रमाने राहतात, फक्त शिडीच १२८ पायऱ्यांनी उचलली जाते. आपल्या कपाटाला एवढीच एक दुरुस्ती हवी होती: तुलनेआधी एक आज्ञा, आणि आठाच्या जागी १३६.

तुलनेचा आणखी एक प्रकार आहे, त्याविषयी थोडक्यात. रात्रीचे अकरा आधी की एक? घड्याळाकडे पाहून अकरा मोठे म्हणणारा मनुष्य वेळ चुकवितो. यंत्रातील घड्याळही असेच गोल फिरते. आठ बिटांचे असेल तर २५५ नंतर शून्य. आता २५० वाजले आहेत आणि वीस ठोक्यांनंतर काही करायचे आहे, म्हणजे चौदा वाजता. ‘चौदा वाजून गेले काय’ असे सरळ विचारले तर यंत्र म्हणेल, ‘केव्हाच! हे पाहा २५०.’ योग्य रीत अशी की आताच्या वेळेतून ठरलेली वेळ वजा करावी आणि फरक ऋण-धन म्हणून वाचावा. २५० मधून १४ गेले, २३६, म्हणजे वजा वीस; अजून वीस ठोके आहेत. ठरलेली वेळ अर्ध्या फेऱ्याच्या आत असेल तोवर हे बिनचूक चालते. घड्याळाच्या या गोलपणाचे भान सुटले तर मोठ्यांचीही धांदल उडते. २०१५ साली अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांबाबत आदेश काढला होता. विद्युत्‌जनित्राचे नियंत्रक सलग २४८ दिवस चालू राहिले तर आतील एक गणक भरून वाहतो आणि नियंत्रक काम थांबवितो. म्हणून ठरावीक काळाने वीज बंद करून पुन्हा सुरू करा, असा तो आदेश. सेकंदाचे शतांश मोजणारी ३१ बिटांची मोजणी बरोबर २४८ दिवसांनंतर काही तासांतच भरते, हे कोणालाही कागदावर करून पाहता येईल.

आता शब्दांकडे येतो. इंग्रजीत या दोन तुलनांना अभियंत्यांनी दोन वेगळ्या शब्दजोड्या वाटून दिल्या आहेत. मोटोरोलाच्या १९७४ च्या ६८०० मध्ये ‘हायर’ आणि ‘ग्रेटर’ या दोन वेगळ्या उड्या होत्या. पहिली निव्वळ संख्यांसाठी, दुसरी ऋण-धन संख्यांसाठी. इंटेलने १९७८ च्या ८०८६ मध्ये पहिल्या कामाला ‘अबव्ह’ आणि ‘बिलो’ हे शब्द घेतले. एव्हीआरमध्ये ‘लोअर’ एकीकडे, ‘लेस’ दुसरीकडे. कोशात हे शब्द समानार्थी म्हणून शेजारी बसतात. या मंडळींनी त्यांत हेतुपुरस्सर कुंपण घातले. माझ्या विद्यार्थ्यांच्या टिपणांत मात्र दोन्हींसाठी ‘मोठा’ आणि ‘लहान’ हेच शब्द होते, आणि शीतकपाटातला दोष थेट त्या वाक्यांत शिरलेला होता.

मराठीने काय करावे? आपल्या ‘पेक्षा’ या अव्ययाकडे पाहा. ते संस्कृत ‘अपेक्षा’वरून आले, कशाकडे तरी पाहणे, कशावर तरी अवलंबून असणे, असा त्याचा मूळ भाव. आपल्या तुलनेत दृष्टीचा संदर्भ जन्मतःच आहे. शब्दही हाताशी आहेत. निव्वळ संख्यांसाठी ‘वरचा’ आणि ‘खालचा’ वापरावेत: शिडी शून्यावर उभी आहे, कोण कोणत्या पायरीवर एवढेच पाहायचे. ऋण-धन संख्यांसाठी ‘अधिक’ आणि ‘उणा’. बेरीज-वजाबाकीच्या चिन्हांची नावेच आपण अधिक-उणे अशी घेतो, तेव्हा ‘उणा’ म्हणताच ऋण संख्येची आठवण आपोआप होते. दोनशे पंचावन्न हे आठांहून वरचे आहेत; वजा एक हा आठांहून उणा आहे. बिटे तीच, वाक्ये दोन, आणि दोन्ही खरी. संख्याप्रकारांना परिभाषेत ‘चिन्हरहित’ आणि ‘चिन्हांकित’ असे म्हणण्याची रीत आहे. ‘चिन्हांकित’ हा शब्द मला तितकासा पटत नाही, कारण व्यवहारात त्याचा अर्थ खूण केलेला असा होतो. ‘निव्वळ’ आणि ‘ऋणधन’ हे शब्द मुलांच्या जिभेवर लवकर बसतात, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

बडोद्यात हा उद्योग नवा नाही. येथे १८९० साली कलाभवन उघडले तेव्हा त्रिभुवनदास गज्जर यांनी यंत्रविद्या आणि रसायन मातृभाषेतून शिकविण्याचा आग्रह धरला होता. राज्यकारभाराच्या शब्दांसाठी सयाजीराव महाराजांनी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ करविला. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कोशात एकेका इंग्रजी शब्दासमोर मराठी, गुजराती आणि इतर भाषांतील पर्याय मांडलेले आहेत. एका अर्थाला एक शब्द नेमून द्यायचा आणि तो पुन्हा दुसऱ्या अर्थाकडे वळू द्यायचा नाही, ही शिस्त ज्यांना पाहायची असेल त्यांनी तो कोश चाळावा.

आज मी सुचविलेल्या शब्दांचा, निशाणांच्या अर्थांसह, एक पानाचा तक्ता ग्रंथपालांकडे देऊन ठेवीत आहे. त्यात ८०५१, पिक आणि एव्हीआर यांतील हातच्याचा अर्थ शेजारी शेजारी लिहिला आहे आणि उजवीकडचा रकाना कोरा ठेवला आहे. सभासदांपैकी जे या व्यवसायात आहेत, त्यांनी त्या रकान्यात आपले शब्द लिहावेत. ‘उतू’विषयी काही जणांची हरकत येईल, हे मी गृहीत धरले आहे.